क्रीक म्हणजे खाडी नव्हे

अमेरिकेतील शेतांमधून वाहणाऱ्या एका लहानशा ‘क्रीक’विषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘खाडी’ लिहावे की ‘नाला’, असे एका अनुवादकांनी विचारले आहे. खाडी मुळीच लिहू नये. भरतीचे पाणी जिथे आत शिरते आणि ओहोटीला मागे हटते ती खाडी; ठाणे, माहीम, मनोरी शेजारी असताना मुंबईकराला तरी हे सांगावे लागू नये. तरीही मराठी उपशीर्षकांत मक्याच्या शेतालगतच्या ‘खाडीवर’ गाई पाणी पिताना वारंवार आढळतात. त्या खारे पाणी कशा पितात, हा प्रश्न अनुवादकाला पडत नाही.

घोटाळ्याचे मूळ इंग्रजीतच आहे. ब्रिटनमध्ये ‘क्रीक’ म्हणजे भरती-ओहोटीची अरुंद खाच. अमेरिकेत गेलेले वसाहतकार अशा खाचांतून आत शिरले आणि पुढे पाणी गोडे व उथळ झाले तरी त्यांनी जुनाच शब्द चालू ठेवला, असे सामान्यतः मानले जाते. आपल्याकडे ब्रिटिशांचा अर्थ आला, म्हणून ‘ठाणे क्रीक’ बरोबर आणि अमेरिकी क्रीकची खाडी चूक.

आता ‘नाला’. मुंबईत हा शब्द उच्चारताच नाक मुरडले जाते, कारण पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या नालेसफाईने त्याला गटाराचा वास कायमचा चिकटवला आहे. मूळ मात्र किती देखणे! संस्कृतात ‘नाल’ म्हणजे कमळाचा पोकळ देठ. नळ, नळी, बाळाची नाळ ही सारी त्याच कुळातील मंडळी असून, देठातून रस जावा तसे ज्यातून पाणी जाते तो नाला. विदर्भात आजही स्वच्छ पाण्याचा नाला असतो आणि जलसंधारणाच्या सरकारी कामांत ‘नाला खोलीकरण’ हाच शब्द रूढ आहे. त्यामुळे नाला हा शब्दच अशिष्ट ठरवून तो लेखनातून हद्दपार करू पाहणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी आपला महानगरी चष्मा काढावा.

नाल्याखेरीज ‘ओढा’ हाही पर्याय आहेच. ‘ओढून नेतो तो ओढा’ ही त्याची व्युत्पत्ती मात्र मला ओढूनताणून आणलेली वाटते. ओढणारा स्वतःकडे ओढतो. पाणी तर वाहून नेते. ते ‘वाहणे’ पाहायचे असेल तर कोकणातल्या ‘वहाळा’कडे पाहावे. पनवेल तालुक्यात त्या नावाचे गावच आहे.

नावांचा प्रश्न विचारलेला नाही, पण तो अनुवादात येणारच. लहान प्रवाहाला आपल्याकडे बहुधा स्वतःचे नाव नसते. गावकरी त्याला नुसते ‘ओढा’ किंवा ‘वहाळ’ म्हणतात आणि वेगळा ओळखायचाच झाला तर जवळच्या वाडीचे नाव पुढे जोडतात. परिणामी एकच पाणी प्रत्येक वाडीपाशी नाव बदलते आणि नकाशा करणारा त्यांतले एक कायम करून टाकतो. मुंबईच्या दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्याही गावांच्याच नावाने ओळखल्या जातात. अमेरिकेत उलट घडते: मिशिगनमधील बॅटल क्रीक या शहराला प्रवाहाचे नाव मिळाले आहे. म्हणून विशेषनामातील ‘क्रीक’ तसेच ठेवावे आणि वर्णनात ‘ओढा’ लिहावे. कथा विदर्भातील वाचकासाठी असेल तर ‘नाला’ही निःशंक चालेल.