तीन चादरींचे कोडे

प्रश्न : सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेल्या एका इंग्रजी कादंबरीत दारू चढलेल्या माणसाला ‘थ्री शीट्स इन द विंड’ म्हटले आहे. वाऱ्यावरच्या तीन चादरींचा नशेशी काय संबंध, आणि याला मराठीत काय म्हणावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : घोटाळा ‘शीट’ या शब्दाने केला आहे. खलाशांच्या बोलीत शीट म्हणजे चादर नव्हे आणि शीडही नव्हे. शिडाचा खालचा कोपरा ज्या दोराने ताणून धरतात, त्या दोराचे ते नाव आहे. असे तीन दोर सुटले की शिडे नुसती फडफडतात आणि जहाज सुकाणूला न जुमानता डुलत राहते. नागपूरला समुद्र नाही. परंतु मे महिन्यातल्या वावटळीत कॉटन मार्केटमधल्या भाजीच्या दुकानावरची ताडपत्री तीन कोपऱ्यांनी सुटलेली आणि चौथ्या कोपऱ्याला दुकानदार लोंबकळत असलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या शब्दप्रयोगाची फोड करून सांगावी लागणार नाही. खलाशी यात पायऱ्याही मानत : एकच दोर सुटलेला माणूस जरा रंगात आलेला, तिन्ही सुटलेला पुरता गेलेला.

जहाजावरूनच आलेला दुसरा शब्द ‘ग्रॉगी’. ब्रिटिश आरमाराचे अ‍ॅडमिरल व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरीत, म्हणून खलाशांनी त्यांना ‘ओल्ड ग्रॉग’ हे नाव ठेवले होते. १७४० मध्ये त्यांनी रममध्ये पाणी मिसळून देण्याचा हुकूम काढला आणि त्या पाणचट पेयालाच ग्रॉग म्हणू लागले. आज झोपेतून उठल्यावर डोके जड असले तरी आपण ‘ग्रॉगी’ म्हणतो, त्यात रमचा थेंबही उरलेला नाही.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३७ मध्ये आपल्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये अशा दोनशेहून अधिक शब्दप्रयोगांची वर्णानुक्रमे यादी छापली होती. इतर दुर्गुण एखाद्या सद्गुणाचे नाव उसने घेऊन मिरवतात, दारूबाजीला मात्र ती सोय नसल्यामुळे आडवळणाने बोलावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. ते मराठीलाही लागू पडते. ‘आज तो घेऊन आला आहे’ या वाक्यात काय घेतले, हे कोणी विचारत नाही.

भाषांतरात चादरी आणू नयेत. ‘तर्र’ किंवा ‘टल्ली’ म्हटल्याने अर्थ पोहोचतो, पण जहाजाचे डुलणे हरवते. ते राखायचे असेल तर ‘झोकांड्या खाणारा’ हाच शब्दप्रयोग योग्य ठरेल.