आकडी आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवली तर माणूस शुद्धीवर येतो का? नेमकं काय करावं?

नाही येत. चपलेनं नाही, कांद्यानं नाही, मुठीत किल्ल्या कोंबूनही नाही. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कुणीतरी कांदा फोडून आणतो आणि श्रेय कांद्याला जातं.

माझ्या धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून हा त्रास आहे. बेळगावजवळच्या आमच्या गावची यात्रा होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, मटणाच्या पंगतीवर पंगती, त्याला रात्रभर झोप नाही आणि त्या गडबडीत गोळीही राहिलेली. आकडीला आणखी काय हवं? सोप्यात वाढता वाढता तो धाडकन पडला. मामा ओरडले, "काय बघालाय, चप्पल हुंगवा की!" आणि जीभ गिळेल म्हणून स्वतःच त्याच्या दातांत चमचा घातला. जीभ कुणालाही गिळता येत नाही. आवळलेल्या जबड्यात चमचा घातला की दात तुटतो, तसा त्याचा पुढचा दात तिथंच तुटला. वर दोघंजण हातपाय दाबून बसलेले. त्यानं झटके थांबत नाहीत, खांदा मात्र निखळू शकतो. मी सगळ्यांना बाजूला केलं, चमचा काढायला लावला, त्याच्या डोक्याखाली टॉवेल सारला आणि झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवलं. लाळ, रक्त, दाताचा तुकडा, सगळं बाहेर आलं. उताणा असता तर श्वासात गेलं असतं.

मामा आजही म्हणतात, शुद्ध चपलेनंच आली आणि दात आधीच किडका होता.

तेव्हा तोंडात काही घालू नका, चमचाही नाही आणि पाणीही नाही. आसपासच्या टोकदार वस्तू, चूल, पायऱ्या यांपासून सांभाळा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८. पलीकडून कन्नड ऐकू आलं तर गांगरू नका, 'फिट्स' म्हटलं की कळतं. गावाबरोबर तालुकाही सांगा.

याच मामांनी भावाचं लग्न ठरताना "पोराला जरा चक्कर येते एवढंच सांगा" असा सल्ला दिला होता. मी मुलीकडच्यांना गोळीच्या नावासकट सगळं सांगितलं. एक स्थळ गेलं, दुसऱ्यानं होकार दिला. अपस्मार, म्हणजे हाच आकडीचा आजार, लग्नातला अडथळा असल्याचं हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकलंय, पण आमच्याकडं अजून ती बातमी पोचलेली दिसत नाही. लपवलं की नव्या सुनेला कुणी काही शिकवत नाही आणि रात्री आकडी आली की ती बिचारीही चप्पलच शोधते. माझ्या वहिनीला मात्र लग्नाआधीच सगळं ठाऊक होतं. आता घरात सर्वांत शांत तीच असते.

आणि हो, हे ज्याचा आजार आधीच माहीत आहे त्याच्यासाठी. आयुष्यातली पहिलीच आकडी, गरोदर बाई, साखरेचा रुग्ण, डोक्याला मार किंवा पाण्यात आलेली आकडी असेल तर पाच मिनिटं मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्याही बंद करू नका, त्यानंच मोठी आकडी येते.