दुर्बिणीचं नंतर, आधी जानेवारीचा हप्ता

नागपूरच्या मनीषनगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून सार देतो.

वय ४१, मिहानमधल्या खासगी कंपनीत नोकरी, हातात महिना ८५ हजार. घरकर्जाचा हप्ता ३१ हजार. घरी पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. आकाशदर्शनाचं वेड कॉलेजपासूनचं. आता पिशवीत मावेल आणि आकाशाचा मोठा तुकडा एका नजरेत घेईल अशी छोटी दुर्बीण घ्यायची आहे. बघायचंही आहे, फोटोही काढायचे आहेत. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे ‘रेडकॅट ५१’ ही दुर्बिणीची नळी आणि सोबत ताऱ्यांच्या गतीनं फिरणारं माउंट, खगोल कॅमेरा, गायडिंगचं (नेम ताऱ्यावर टिकवण्याचं) सामान, असं मिळून ३ लाख. दुसरा, मोबाइलवर चालणारी ‘सीस्टार एस५०’, ६२ हजारांत. मन पहिल्याकडे आहे. २ लाख १० हजार बाबांसोबतच्या संयुक्त खात्यात जमले आहेत, उरलेले ९० हजार क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर. तो ईएमआय कशातून भरणार? तर बाबांची एफडी मोडून या जानेवारीत बँकेच्या ‘योजनेत’ एकरकमी ४ लाख १८ हजार टाकले, त्यातून वर्षाला २८ हजार येतात आणि २० वर्षांनी ७२ लाख मिळणार आहेत. शिवाय फोटो विकून आणि पेंचला शिबिरं घेऊन दोन वर्षांत खर्च निघेल, असाही अंदाज आहे.

शेवटी ता. क. : ‘विमा कंपनीचा मेसेज आलाय की ९ जानेवारी २०२६ ला ४ लाख भरायचे आहेत. बँकेतले साहेब म्हणाले, ऑटोमॅटिक मेसेज असतो, काकाजींना टेन्शन देऊ नका. बाबांना अजून सांगितलेलं नाही.’

तुमच्या चार पानांतलं कामाचं तेवढंच आहे, ता. क. मधलं. मेसेज खरा आहे. बँकेनं ‘योजना’ म्हणून दिली ती विमा पॉलिसी आहे. तुम्ही जोडलेल्या पॉलिसीच्या प्रतीत दुसऱ्या पानावर लिहिलं आहे: हप्ता वार्षिक, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं. तुम्ही एकरकमी काहीही गुंतवलेलं नाही. दहा वर्षं, दरवर्षी ४ लाख भरायचं कबूल करून बसला आहात. एकूण ४० लाख.

आता तुमचाच संसार मांडू. ८५ मधून घरकर्जाचे ३१ गेले, उरले ५४. वर्षाचे ४ लाख म्हणजे महिन्याला ३३ हजार. ते गेले की राहतात २१. पाच माणसं, मुलीची शाळा, बाबांची औषधं. हा हप्ता तुम्हाला झेपणारा नाही, आणि विकणाऱ्याला तुमचा पगार ठाऊक होता.

तुम्ही हुशार माणूस आहात, ताऱ्यांचे कोन मोजता. मग ४ लाखांचे २० वर्षांत ७२ लाख, म्हणजे अठरा पट, हा हिशेब एकदा का नाही केलात? त्याला वर्षाला साडेपंधरा टक्के चक्रवाढ लागते. वर दरवर्षी २८ हजार म्हणजे आणखी सात टक्के. एवढं ‘हमखास’ कुणी देत असतं, तर बँकेनं स्वतःचेच पैसे तिथे ठेवले असते. दहा हप्ते धरून पाहिलं तर याच पॉलिसीचा परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास निघतो.

आणखी एक खूण होती. वरचे १८ हजार ‘प्रोसेसिंग’चे, असं तुम्हाला सांगितलं गेलं. तो पारंपरिक विमा पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरचा साडेचार टक्के जीएसटी होता. एफडीत पैसे ठेवायला जीएसटी पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून यंदाच्या मेसेजात नुसते ४ लाख आहेत. तुम्ही विचारलं होतं, आकडा वेगळा कसा. असा.

ज्या २८ हजारांच्या जोरावर दुर्बीण घ्यायची आहे, त्यांचंही बघा. बाबांनी तेच ४ लाख त्या वेळी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले असते, तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ३२,८०० रुपये आले असते. दर तिमाहीला ८,२००, मुद्दल शाबूत, आणि पुढच्या जानेवारीत कुणाचा मेसेज नाही. बाबांच्या पैशांसाठी तीच जागा होती. राहिला तुमचा ईएमआय. ९० हजार, तीन वर्षं, कार्डाचा सोळा टक्के दर धरला तरी वर्षाला ३८ हजार होतात. २८ मध्ये ते बसतच नाहीत.

आता तातडीचं. पहिला हप्ता संयुक्त खात्यातून गेला आणि फॉर्मसोबत ऑटो-डेबिटच्या, म्हणजे पुढचे हप्ते खात्यातून आपोआप कापण्याच्या, कागदावरही सही झाली, असं तुम्ही लिहिता. त्याच खात्यात दुर्बिणीचे २ लाख १० हजार आहेत, आणि डिसेंबरात बाबांची २ लाखांची दुसरी एफडी संपून तिथेच जमा होणार आहे. बेरीज ४ लाख १० हजार. ९ जानेवारीला कंपनीनं ४ लाख ओढले तर खात्यात दहा हजार उरतील. त्यामुळे या आठवड्यातच शाखेत लेखी अर्ज देऊन ते ऑटो-डेबिट रद्द करा आणि पोच घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ चालणार नाही. दुर्बिणीचे पैसे तुमच्या एकट्याच्या खात्यात हलवा. दुसऱ्या एफडीसाठी ‘साहेबां’चा फोन येऊन गेला आहे म्हणता. ती रक्कम त्यांच्या टेबलापर्यंत जाऊ देऊ नका.

मग तक्रार. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता आली असती, ती संधी गेली. तरी तुमच्याकडे एक चीज आहे जी अशा प्रकरणांत फार थोड्या लोकांकडे असते. ‘वन टाइम आहे सर, एफडीपेक्षा भारी’ हा त्या साहेबांचा व्हॉट्सॲप मेसेज. फोन बदलण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट काढून दोन ठिकाणी ठेवा. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा की एकरकमी ठेव म्हणून नियमित हप्त्याची पॉलिसी गळ्यात मारली, ती सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण रक्कम परत करा. प्रत शाखाधिकाऱ्याला. दोन आठवड्यांत समाधानकारक उत्तर नाही आलं, तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. कंपनीनं नकार दिला किंवा महिनाभर गप्प राहिली, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. मात्र नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

कंपनी म्हणेल, लाभाच्या तक्त्यावर तुमची सही आहे आणि पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो’ म्हणालात. साहेबांनी शेजारी बसून ‘हो म्हणा’ सांगितलं होतं, हेही तक्रारीत लिहा. निकाल तुमच्या बाजूनं लागेलच, असं मी म्हणत नाही. पण तक्रार निकाली निघेपर्यंत पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे मागू नका.

आणि तक्रार फसलीच तर? तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे. नव्या नियमांनुसार एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरला असेल तर पहिल्या वर्षानंतरही काहीतरी सरेंडर व्हॅल्यू द्यावी लागते. नेमकी किती, ते कंपनीकडून लेखी मागवा. मिळालेले २८ हजार त्यातून वळते होतील, हे गृहीत धरा. समजा निम्मे गेले, २ लाखांचं नुकसान. कडू आहे. पण ते २ लाख वाचवायला आणखी ३६ लाख साडेचार टक्क्यांवर अडकवणं याला मी गुंतवणूक म्हणणार नाही. ‘भरलंच आहे तर चालू ठेवू’ असं घरात कुणीतरी म्हणेल. ऐकू नका.

एक क्रम सांभाळा. या पॉलिसीत तुमच्या आयुष्यावर ४० लाखांचं कवच आहे, आणि कंपनीचा ग्रुप विमा सोडला तर दुसरं काही नाही. ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. म्हणून आधी एक कोटीचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा), वयाच्या साठीपर्यंत. धूम्रपान नसेल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास. तो हातात पडला की मग ही पॉलिसी सोडा.

आता दुर्बीण. ३ लाखांचा संच आज नाही. नागपुरात जून ते सप्टेंबर आकाश ढगांचं. उरले आठ महिने, त्यात अमावास्येच्या आसपासचे शनिवार-रविवार, त्यातून लग्नं, परीक्षा आणि धुरकट रात्री वजा करा. वर्षाला दहा रात्री हाती लागल्या तरी चांगलं. पाच वर्षांत पन्नास रात्री, म्हणजे रात्रीला सहा हजार रुपये. फोटो विकून ते निघणार नाहीत. तो आकडा वहीतून खोडा. पेंचला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही तुमच्यासाठी दीड-दोन तासांवरची मजा आहे. तो धंदा समजू नका.

शिवाय तुम्हाला एकाच नळीतून दोन वेगळी कामं हवी आहेत. रेडकॅटची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) २५० मिलिमीटर. तिला २५ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला तर दहा पट दिसेल, आणि दहा पट तर १०×५० ची साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) काही हजारांत दाखवते, तीही दोन्ही डोळ्यांनी. ही नळी मुळात फोटोसाठी आहे. तुमच्या एपीएस-सी सेन्सरच्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर ती आकाशाचा साधारण साडेपाच अंशांचा पट्टा देते, त्यात तीन अंशांची देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा) आरामात बसते. सीस्टारचा पट्टा सव्वा अंशाच्या आसपास, देवयानी एका चौकटीत मावत नाही. आणि तिला आयपीसच नाही. मुलगी डोळा लावायला जाईल आणि तुम्ही तिच्या हातात मोबाइल द्याल.

म्हणून द्विनेत्री लगेच घ्या. मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिका या हिवाळ्यात त्यातूनच दाखवा. एप्रिल-मे मध्ये दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ क्षितिजापासून साडेएकवीस अंशांपर्यंत वर येतो, तोही. फोटोंसाठी डीएसएलआर आहेच, त्याला एक छोटा स्टार ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांच्या गतीनं फिरवणारं यंत्र) जोडा. हातातल्या लेन्सवर वर्षभर शिका. स्थिर तिवईवर २५० मिलिमीटरला सेकंद-दीड सेकंदात तारे रेघा होतात, त्यामुळे पैसा नळीआधी ट्रॅकरवर जावा. भार पाच किलोपर्यंत पेलणारा घेतलात तर पुढे रेडकॅट त्याच्यावरच बसेल. हे सगळं २ लाख १० हजारांच्या निम्म्याहून कमीत होईल. कार्डाला हात लावू नका. उरलेले पैसे लिक्विड फंडात (लवकर काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवा, कारण पत्रात आणीबाणीचा निधी मला कुठेच दिसला नाही.

बाबांना आजच सांगा. पैसे त्यांचे आहेत, संयुक्त खात्यावर सही त्यांची आहे, आणि शाखेत बसून ‘साहेब’ काय म्हणाले ते तुमच्याइतकंच त्यांनीही ऐकलं आहे. तक्रारीसोबत त्यांचं सहीचं निवेदन जोडा. त्यात तारीख, टेबल कुणाचं होतं आणि एफडी मोडायला कुणी सांगितलं, हे त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.