'निकाल', 'निर्णय' की 'कौल'? : पंचांच्या गुणांवर ठरलेल्या लढतींविषयी

एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी सगळं चालणारा, पिंजऱ्यात खेळला जाणारा लढतींचा खेळ) याविषयी प्रश्न असा आला आहे : "जॉन जोन्स आणि डॉमिनिक रेयेस यांच्या लढतीविषयी मराठीत लिहितो आहे. 'वादग्रस्त निकाल' म्हणावं की 'वादग्रस्त निर्णय'? आणि 'स्प्लिट डिसिजन', 'युनॅनिमस डिसिजन' यांना 'विभागलेला निर्णय' आणि 'सर्वानुमते निर्णय' हे शब्द चालतील का?"

पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो : 'वादग्रस्त निर्णय' म्हणा. 'निकाल' चूक नाही, पण या खेळात 'निकाल' या शब्दाला वेगळं काम आहे आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावं असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या भागातले दोन्ही शब्द मात्र मी वापरणार नाही. कारण जरा सविस्तर सांगावं लागेल.

मराठीत कुस्तीची एक जुनी, रुळलेली शब्दकळा आहे. एकाने दुसऱ्याला चीत केलं की ती 'निकाली कुस्ती'. कोणीच कोणाला चीत करू शकलं नाही तर ती 'बरोबरीत सुटली', किंवा अमुक पैलवान 'गुणांवर' जिंकला. म्हणजे 'निकाली' या शब्दातच 'लढणाऱ्यांनी स्वतः संपवलेली' हा अर्थ आहे. 'त्याचा निकाल लावला' असं आपण म्हणतो तेव्हाही शेवट करण्याचाच अर्थ असतो. आता एमएमएकडे पाहा. लढत संपण्याचे मुख्य मार्ग दोन. ठोशाने, लाथेने किंवा पकडीने ती आतच संपते, नाहीतर वेळ पुरी होते आणि पिंजऱ्याबाहेर बसलेले तीन पंच विजेता ठरवतात. इंग्रजीत या दुसऱ्या प्रकाराला 'डिसिजन' म्हणतात. म्हणजे जिथे 'डिसिजन' आहे तिथे लढत 'निकाली' झालेलीच नाही. मग त्याच लढतीला 'वादग्रस्त निकाल' हे नाव दिलं की मराठी वाचकाच्या कानाला उलटाच अर्थ ऐकू येतो.

व्याकरणही हेच सांगतं. निकाल 'लागतो', निर्णय कोणीतरी 'देतो'. 'निकाल लागला' या वाक्यात कर्ता दिसत नाही, जणू तो आपोआप लागला. 'निर्णय दिला' म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कोणी दिला? विजेतेपदाच्या लढतीवरून जेव्हा वाद पेटतो तेव्हा नेमका हाच प्रश्न असतो. कोणी दिला, कुठल्या फेरीत दिला, कशाच्या आधारावर दिला? वादग्रस्त गोष्टीला असा शब्द हवा की ज्यातून माणूस निसटून जात नाही.

आता 'स्प्लिट', म्हणजे दोन पंच एकाच्या बाजूने आणि तिसरा दुसऱ्याच्या. 'विभागलेला निर्णय' किंवा 'विभागून' या शब्दांची अडचण अशी की मराठीत 'विभागून' म्हणजे वाटून. पारितोषिक दोघांत 'विभागून' दिलं जातं, तेव्हा ते दोघांनाही मिळतं. 'विजेतेपदाचा निर्णय विभागला गेला' हे वाचणाऱ्याला अर्धा पट्टा याला आणि अर्धा त्याला असं वाटलं तर त्याचा दोष नाही. 'बहुमताने' हा शब्दही अनेक ठिकाणी दिसतो. तो दोन विरुद्ध एकसाठी योग्य वाटतो खरा, पण या खेळात 'मेजॉरिटी डिसिजन' हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्यात दोन पंच एकाच्या बाजूने असतात आणि तिसऱ्याच्या हिशेबात बरोबरी असते. 'बहुमताने' लिहिलं तर दोन्हींची गल्लत होते. म्हणून मी साधं लिहितो : 'दोन विरुद्ध एक' आणि 'दोन बाजूने, एक बरोबरीत'. शब्द दोन जास्त लागतात, पण वाचकाला विचारायला काही उरत नाही.

'युनॅनिमस', म्हणजे तिन्ही पंच एकाच्याच बाजूने. त्यासाठी 'सर्वानुमते' हा शब्द तर मला अजिबात नको वाटतो. सर्वानुमते ठराव मंजूर होतो, म्हणजे माणसं एकत्र बसतात, बोलतात, आणि मग एका मतावर येतात. हे तीन पंच पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक फेरी संपली की आपापले गुण लिहून देतात, आणि एकूण बेरीज शेवटीच होते. त्यांचं 'मत जुळलं' असं काही घडतच नाही, आकडे एका बाजूला पडतात एवढंच. 'तिन्ही पंचांचा कौल जोन्सला' असं लिहिलं तर ते खरंही आहे आणि मराठीही.

इथे गुणांची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विजेतेपदाची लढत पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची. प्रत्येक फेरीच्या विजेत्याला १० गुण, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९, फारच एकतर्फी फेरी असेल तर ८. १०-१० क्वचितच देतात. म्हणून ४८-४७ म्हणजे तीन फेऱ्या एकाच्या आणि दोन दुसऱ्याच्या, ४९-४६ म्हणजे चार आणि एक.

आता दोन लढती शेजारी ठेवून पाहा. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी लास व्हेगासमध्ये वेल्टरवेट या वजनगटाचा विजेता जॉर्ज सेंट-पिएर आणि आव्हानवीर जॉनी हेंड्रिक्स यांची लढत झाली. दोन पंचांनी ४८-४७ सेंट-पिएरला दिले, तिसऱ्याने ४८-४७ हेंड्रिक्सला. इंग्रजीत हा 'स्प्लिट', म्हणजे ऐकायला दुभंग. पण तिन्ही कागद फेरीवार वाचले तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फेरीबद्दल तिघांचंही सारखंच म्हणणं होतं. दुसरी आणि चौथी हेंड्रिक्सची, तिसरी आणि पाचवी सेंट-पिएरची. फरक होता फक्त पहिल्या फेरीचा. पट्टा त्या पाच मिनिटांवर राहिला.

आणि ८ फेब्रुवारी २०२० रोजी ह्यूस्टनमध्ये विजेता जोन्स आणि आव्हानवीर रेयेस. तिन्ही पंचांनी जोन्सला विजयी ठरवलं, म्हणून हा 'युनॅनिमस'. आकडे मात्र ४८-४७, ४८-४७ आणि ४९-४६. म्हणजे दोघांच्या मते रेयेसने दोन फेऱ्या जिंकल्या, तिसऱ्याच्या मते एकच. रेयेसने पहिल्या तीन फेऱ्या घेतल्या असं मानणारे पत्रकार आणि प्रेक्षक पुष्कळ होते, मीही त्यांच्यातला. पाच चौकोन आखून बसलो होतो. पहिले तीन भरताना पहिल्या चौकोनाला हात थांबला नाही, दुसऱ्यालाही फारसा नाही, तिसऱ्याला मात्र थांबला. रेयेस पुढे होता, पण जोन्स पुढे सरकू लागला होता. शेवटच्या दोन फेऱ्या जोन्सच्या यात मला शंका नव्हती. माझ्या कागदावर ४८-४७ रेयेस. तिसरी फेरी कोणी जोन्सला दिली तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण रेयेसला पाचातली एकच फेरी देणारा कागद मला आजही पटत नाही.

गंमत नव्हे, गंभीर गोष्ट आहे ही : ज्याला 'दुभंगलेला' म्हणतात त्या निर्णयात पंच चार फेऱ्यांवर एक होते, आणि ज्याला 'एकमताचा' म्हणतात त्यात रेयेसने किती फेऱ्या जिंकल्या एवढ्यावरही तिघं एक नव्हते. इंग्रजी शब्द फक्त शेवटच्या बेरजेबद्दल बोलतात. आपण त्यांचं शब्दशः भाषांतर केलं की ती अपुरी माहिती आपल्या 'सर्वानुमते' आणि 'एकमत' या वजनदार शब्दांना चिकटते, आणि वाचकाला वाटतं की वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

यातून मी स्वतःसाठी तीन शब्दांची वाटणी केली आहे. एकेका पंचाचं मत तो 'कौल'. तिघांचे कौल मोजून जाहीर होतो तो 'निर्णय'. आणि लढणाऱ्यांनी आतच संपवलं तर 'निकाल'. 'कौल' हा मूळ अरबी शब्द, अर्थ वचन, बोल. मराठीत तो 'मतदारांचा कौल' असा घट्ट बसला आहे, आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे दिलेलं मत हा त्याचा अर्थ इथे नेमका जुळतो. प्रेक्षकांबद्दलही तो वापरता येतो : 'प्रेक्षकांचा कौल रेयेसला होता, पंचांचा जोन्सला.' 'निवाडा' हाही सुंदर शब्द आहे, 'निवडणे'च्या कुळातला, पण त्यात दोन पक्ष तक्रार घेऊन आल्याचा सूर आहे. 'फैसला' हिंदीकडे जास्त झुकतो.

'पंच' या शब्दाबद्दलही एक सावधगिरी. मराठीत रेफरीही पंच आणि गुण देणाराही पंच. एमएमएमध्ये ही कामं वेगळी आहेत. आत उभा असलेला रेफरी लढत थांबवतो, गुण देत नाही. 'पंचांनी चूक केली' एवढंच लिहिलं तर लढत लवकर थांबवली की गुण चुकले हे कळत नाही. आतल्याला 'रेफरी' आणि बाहेरच्यांना 'पंच' असं एकदा ठरवून घ्या. आणि लेखात 'पंच मारला' कटाक्षाने टाळा, 'ठोसा' हा शब्द आपल्याकडे आहेच. हे पंच स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीचे नसतात हेही लिहायला हवं. अमेरिकेत त्यांना राज्याची क्रीडा यंत्रणा नेमते. सेंट-पिएर-हेंड्रिक्स लढतीनंतर यूएफसी या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष डेना व्हाइट यांनी निर्णयावर उघड राग काढला, तो नेवाडाच्या यंत्रणेवरही होता.

आता 'वादग्रस्त'. याच्या शेजारचे शब्द वेगळे ठेवले तर लिखाणाला धार येते. जी फेरी दोघांपैकी कोणालाही देता आली असती ती 'विवाद्य'. ज्या निर्णयावरून प्रत्यक्ष वाद झाला तो 'वादग्रस्त'. आणि जो तुम्हाला पटत नाही तो 'चुकीचा', तसं सरळ लिहा आणि फेरी सांगा. इंग्रजी चाहते सर्रास 'रॉबरी' म्हणतात, म्हणून मराठीतही 'दरोडा', 'लूट' दिसू लागलं आहे. दरोड्यात हेतू असतो. पंचाने जाणूनबुजून केलं असा आरोप त्या शब्दात आपोआप येतो, आणि त्याचा पुरावा लिहिणाऱ्याकडे नसतो. 'हातचा विजय गेला' म्हणा, 'अन्याय झाला' म्हणा. यात लढवय्याचं दुःख पुरेसं येतं, कोणावर चोरीचा आळ येत नाही.

बरोबरीसाठी 'अनिर्णित' लिहू नका, 'बरोबरी' लिहा. १६ सप्टेंबर २०२३ रोजी लास व्हेगासमध्ये अलेक्सा ग्रासो आणि व्हॅलेंटिना शेवचेंको यांच्या दुसऱ्या लढतीत एका पंचाचे ४८-४७ ग्रासोला, दुसऱ्याचे ४८-४७ शेवचेंकोला आणि तिसऱ्याचे ४७-४७ होते. हे ४७-४७ झाले ते त्या पंचाने पाचवी फेरी ग्रासोला १०-८ अशी दिल्यामुळे, आणि सारा वाद त्या एका ८ वर झाला. इथे निर्णय झाला नाही असं म्हणणं चूक आहे. निर्णय झाला, तो बरोबरीचा होता, आणि त्यामुळे ग्रासोने विजेतेपद 'राखलं'. 'जिंकलं' नव्हे. खरोखर निकाल उरत नाही तो प्रकार वेगळा. जुलै २०१७ मध्ये जोन्सने डॅनियल कॉर्मियरला तिसऱ्या फेरीत निकाली हरवलं, पण उत्तेजक चाचणीनंतर तो निकाल रद्द झाला. त्याला 'निकाल रद्द' हेच नाव बरोबर.

मी 'निकाली'वर एवढा भर का देतो याचं आणखी एक कारण खुद्द नियमांत आहे. २०१७ पासून लागू झालेल्या निकषांत पहिला मान परिणामकारक प्रहार आणि पकडींना आहे. त्यात दोघं सारखे ठरले तरच आक्रमकपणा पाहायचा, आणि तिथेही सारखे ठरले तरच पिंजऱ्यातल्या जागेवरचा ताबा. परिणामकारक म्हणजे काय, तर लढत शेवटाकडे नेणारं. म्हणजे फेरीगणिक पंचाने स्वतःला विचारायचं असतं की निकालाच्या जास्त जवळ कोण गेलं. मराठीत हा नियम एका ओळीत बसतो : न लागलेल्या निकालाच्या जवळ कोण होतं, याचा निर्णय. नुसतं पुढे चालत राहणं म्हणजे फेरी जिंकणं नव्हे, हे जोन्स-रेयेसच्या तिसऱ्या फेरीबद्दल लिहिताना जरूर सांगा. विजेत्याकडून पट्टा 'हिसकावून' घ्यावा लागतो, असंही अनेक जण लिहितात. तसा नियम नाही. आव्हानवीराला ४८-४७ पुरतात.

हे शब्द एकाच गोष्टीत शेजारी पाहायचे असतील तर माचिडा आणि रुआ घ्या. २४ ऑक्टोबर २००९, लॉस एंजेलिस. तिन्ही पंचांचा कौल लियोटो माचिडाला, तिन्ही कागदांवर ४८-४७. मॉरिसिओ रुआने लाथांनी माचिडाच्या पायांचं आणि बरगड्यांचं जे केलं ते पाहणाऱ्यांना निर्णय पटला नाही, आणि पुन्हा लढत ठरली. ८ मे २०१० रोजी मॉन्ट्रिऑलमध्ये पहिल्याच फेरीत रुआने माचिडाला बेशुद्ध केलं. पहिल्या लढतीत निर्णय झाला होता, दुसरीत निकाल लागला.

तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं असतं : 'ह्यूस्टनच्या लढतीत तिन्ही पंचांचा कौल जोन्सला मिळाला, दोघांचा एका फेरीच्या फरकाने आणि तिसऱ्याचा तीन फेऱ्यांच्या, आणि गुणांवर दिलेला हा निर्णय जाहीर होताच वादग्रस्त ठरला.'