आय-४८५ (अमेरिकेतल्या ग्रीन कार्डचा अर्ज) भरताय? आधी मेडिकल उरका
प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) करंट झाली, म्हणजे अर्ज भरायची पाळी आली, अभिनंदन! पण जुन्या मंडळींचं ऐकून ‘मेडिकल नंतर देऊ’ म्हणू नका. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ (मेडिकल तपासणीचा फॉर्म) अर्जासोबतच लागतो, नाहीतर अख्खं पाकीट परत येऊ शकतं. सिव्हिल सर्जनची (या तपासणीसाठी इमिग्रेशन खात्याने नेमलेल्या डॉक्टरची) अपॉइंटमेंट आधी धरा, लसींच्या जुन्या कार्डाचे फोटो आईकडून मागवून घ्या. डॉक्टरांनी दिलेला बंद लिफाफा मात्र फोडायचा नाही (उत्सुकता आवरा!). चेकबुकही कपाटात ठेवा: ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून फीसाठी कागदी चेक सहसा घेत नाहीत. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे द्यायचे तर जी-१४५० फॉर्म जोडा, बँक खात्यातून द्यायचे तर जी-१६५०. नोकरी बदलायची असेल तर अर्ज १८० दिवस प्रलंबित राहू द्या, आणि नवं कामही साधारण तसंच हवं.