पन्नाशीचे ऑपरेटर खरंच 'स्लो' होतात का?

तुम्ही विचारलंय की लाइनवर टचस्क्रीनचं पॅनेल आलं, पंचविशीतली मुलं ते झटकन शिकली, पन्नाशीपुढचे ऑपरेटर मात्र अजून अडखळतात. तर वयाने मेंदू मंदावतो का, आणि या काकांना पॅकिंगला हलवावं का? औद्योगिक मानसशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हलवू नका, हे आधीच सांगतो.

मेंदू मंदावतो, पण सगळ्याच बाबतीत नाही. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार मांडले. अनोळखी गोष्ट चटकन उलगडते ती प्रवाही बुद्धी; ती तरुणपणीच शिखर गाठून हळूहळू उतरते. अनुभवातून आणि शिक्षणातून साठते ती स्फटिकीभूत बुद्धी; ती साठीपर्यंत सहज टिकते, बऱ्याचदा वाढतेही. नव्या पॅनेलने परीक्षा घेतली ती फक्त पहिलीची. मशीनचा आवाज बदलला की बेअरिंग जाणार हे ज्याला कळतं, त्याची दुसरी बुद्धी तुम्ही अजून मोजलेलीच नाही.

टिमथी सॉल्टहाउस यांचा 1984 चा टायपिस्टवरचा अभ्यास मला इथे फार मोलाचा वाटतो. वयं 19 ते 72. बटण दाबण्याच्या साध्या चाचणीत वयस्कर टायपिस्ट हळू ठरले, पण प्रत्यक्ष टायपिंगचा वेग वयाने घटलेला नव्हता. कारण? ते मजकुरात जास्त पुढचं वाचत होते. बोटं एका अक्षरावर, नजर बरीच पुढे. पुढचा मजकूर झाकला की त्यांचा वेग पडायचा. म्हणजे हाताची कमतरता अनुभव भरून काढत होता, आणि कामाची पद्धत बदलली की ती भरपाई काही काळ हातातून निघून जाते. तुमच्या लाइनवर आत्ता बहुधा हेच चाललंय.

यात पिढीचाही भाग आहे. आजचा पंचावन्नचा माणूस मोबाइल हातात घेऊन वाढला नाही. हा वयाचा परिणाम नव्हे. वॉर्नर शाय यांनी 1956 पासून सिएटलमध्ये त्याच माणसांची वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बहुतेक क्षमतांची ठळक घसरण साठीनंतरच दिसली. वेगवेगळ्या वयाच्या माणसांना एकाच दिवशी तपासलं की ती बरीच आधी सुरू झाल्यासारखी भासते.

आता ट्रेनिंगचं. वयस्कर कामगारांबद्दलचे समज तपासणाऱ्या 2012 च्या एका मोठ्या आढाव्यात (एनजी आणि फेल्डमन) एकाच समजाला आधार मिळाला: ट्रेनिंगबद्दलची त्यांची उत्सुकता थोडी कमी असते. पण मुलांसमोर चुकायची भीती असली की कुणाचीही उत्सुकता आटते. त्यांची बॅच वेगळी घ्या, घाई करू नका, स्लाइड दाखवण्याऐवजी पॅनेलवरच हात चालू द्या, आणि जुन्या पॅनेलवरचं कुठलं बटण आता कुठे गेलं हे आधी दाखवा. दोन पंचावन्नच्या माणसांतही खूप फरक असतो, म्हणून 'सीनियर' असा सरसकट शिक्का नको.

जागाही बदलून बघा. जर्मनीत डिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात 2007 मध्ये एका लाइनवर मुद्दाम सरासरी 47 वयाची माणसं ठेवली. कामगारांनीच सुचवलेले सुमारे 70 बदल केले: लाकडी फरशी, बसून काम करायला खुर्च्या, भिंगं. वर्षभरात उत्पादकता 7 टक्के वाढली, आणि खर्च किरकोळ होता.

तुमच्याकडे सुरुवात स्क्रीनवरच्या अक्षरांच्या आकारापासून करा. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं, आणि सेफ्टी गॉगलखाली वाचायचा चष्मा नीट बसत नाही. नंबरचे गॉगल मागवून घ्या, आणि मगच कोण किती वेळात शिकतं ते बघा.