नाव सांगितल्यावर काय होईल?

सांगली-मिरजेतली मुस्लिम कुटुंबं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक काळजी वेगवेगळ्या निमित्तानं निघते. लेकरू गावाबाहेर पडलं आणि कुणी नाव विचारलं, तर? कधी पुण्यात खोली शोधण्यावरून, कधी सहलीवरून. मिरजेच्या एका घरात ही काळजी लेकीच्या स्कूटर-प्रवासावरून निघाली. मुलीच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

मुलगी नोकरी करणारी. तिला कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं होतं, तिथून रत्नागिरी गाठायची आणि आंबा घाटातून कोल्हापूरमार्गे परत यायचं. एकटीनं, साध्या ११० सीसीच्या गाडीवर. अम्मी तिला घेऊन आल्या. "मॅडम, हिला जरा समजवा. पोरीची जात, त्यात आमची नावं अशी. गाडी बंद पडली आणि कुणी नाव विचारलं म्हणजे?"

मुलीचं उत्तर मला अम्मींच्या प्रश्नापेक्षा जास्त काळजीचं वाटलं. "म्हणूनच जायचंय. मुसलमान मुलींना घरात कोंडून ठेवतात, असं सगळ्यांना वाटतं. मला दाखवून द्यायचंय." ऑफिसातल्या एक बाई तिला कौतुकानं म्हणाल्या होत्या, "तू त्यांच्यातली वाटत नाहीस."

त्या वाक्यावर आम्ही बराच वेळ बोललो. समोरचं माणूस आपल्या समजुतीत बसत नसलं, की समजूत सोडण्यापेक्षा त्या माणसाला अपवाद ठरवणं मनाला सोपं जातं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं, की नुसत्या गाठीभेटींनी पूर्वग्रह जात नाहीत. माणसं बरोबरीच्या नात्यानं एखाद्या कामात एकत्र आली, तर ते ओसरू लागतात. तेव्हा एकटी घाट उतरणारी मुलगी पाहून लोक 'ही वेगळीच आहे' म्हणून मोकळे होऊ शकतात. आणि साऱ्या समाजाची अब्रू डोक्यावर घेऊन निघालेल्या मुलीचं काय? आपल्या वागण्यानं आपल्या लोकांबद्दलचा समज खरा ठरेल, ही धास्तीच माणसाची कामगिरी बिघडवते, असं क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांच्या १९९५ च्या प्रयोगांत दिसलं होतं. ते प्रयोग परीक्षेच्या खोलीतले. घाटाच्या वळणावर तर अशी धास्ती बरोबर नकोच. मी तिला म्हटलं, "तू घाबरलीस, अर्ध्यातून परत आलीस, तरी कुणाची मान खाली जात नाही. तुला समुद्र बघायचाय ना? मग त्यासाठी जा."

अम्मींशी वेगळं बोलले. त्यांच्या पोटात दोन भीती एकत्र झाल्या होत्या, रस्त्याची आणि नावाची. रस्त्याच्या भीतीवर उपाय होते: बेल्ट आणि ब्रेक तपासून घ्यायचे, घाट हळू, थांबत थांबत उतरायचा (बिनगिअरच्या गाडीचे ब्रेक उतारावर लवकर तापतात), अंधाराआधी मुक्काम, ११२ नंबर ध्यानात. नावाच्या भीतीला मात्र मी "काही होत नाही हो" म्हटलं नाही. ती अनुभवातून आलेली आहे; तिला खोटं ठरवणं म्हणजे त्या माउलीचा अपमान. मायलेकींनीच ठरवलं: नाव लपवायचं नाही, वाद घालायचा नाही, मनाला पटेना तिथून निघायचं.

ती जाऊन आली. चिपळूणच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. दुकानदाराबरोबर ते खोलायला ती स्वतः पाना घेऊन बसली. त्याच्या बायकोनं नाव-गाव विचारलं. "मिरजेची? मीरासाहेबांच्या उरसाला माझ्या माहेरची माणसं येतात की!" मग चहा झाला, खराब रस्त्यांची चौकशी झाली, आणि आपल्या लेकीला गाडी शिकवावी का, हेही त्या बाईनं तिलाच विचारलं. पुढे एका ठिकाणी मात्र तिचं नाव ऐकल्यावर रिकामी असलेली खोली भरलेली निघाली. ती तिथून बाहेर पडली, रडली, घरी फोन केला आणि दुसरीकडे राहिली. माझ्यासमोर तिनं दोन्ही गोष्टी सारख्याच सविस्तर सांगितल्या, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

ऑफिसातल्या बाईंना तिनं आता उत्तर दिलंय, "मी त्यांच्यातलीच आहे. आमच्या गल्लीत गाडी चालवणाऱ्या आणखी कितीतरी जणी आहेत. रविवारी या घरी, भेटवते." त्या अजून गेलेल्या नाहीत. अब्बांना लेकीचं एकटीनं जाणं अजूनही पटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे यायचे आहेत.